एक सूत्र २,४५७ सांगतं, दुसरं ५४१: शेअरचं आंतरिक मूल्य काढताना चुकतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीचे ४० शेअर्स तुम्ही सरासरी ७२० रुपयांनी घेतलेत, आज भाव १,१५० आहे. बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकी गुंतवणूकतज्ज्ञाच्या वाढीच्या सूत्रात आकडे टाकले की आंतरिक मूल्य, म्हणजे धंद्याच्या कमाईवरून ठरणारी शेअरची किंमत, २,४५७ येतं आणि ‘ग्रॅहम नंबर’ काढला की ५४१. यातला कोणता खरा मानायचा आणि अजून शेअर्स घ्यायचे का? कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण आठ वर्षांचे आकडे नीट दिलेत. त्यामुळे बऱ्यापैकी नेमकं उत्तर देता येईल.

तुमच्या दोन्ही आकडेमोडी बरोबर आहेत. गुणाकारात चूक नाही आणि सूत्रंही चुकीची नाहीत. पहिलं सूत्र विचारतं की नफा अमुक वेगाने वाढणार असेल तर त्याची किती पट किंमत द्यावी. दुसरं विचारतं की सावध माणसाने जास्तीत जास्त किती मोजावेत. त्यामुळे उत्तरं वेगळी येणारच. पण ती साडेचार पटींनी वेगळी आली, याला कारण तुम्ही पहिल्या सूत्रात टाकलेला २५ टक्के वाढीचा आकडा आहे. त्याच्याही खाली एक मोठा मुद्दा आहे, जो हे कॅल्क्युलेटर दाखवत नाहीत: नफ्यातली वाढ किती भांडवल खाऊन आली. उत्तराचा बराचसा भाग त्याभोवतीच फिरणार आहे.

आधी तुमचे आकडे एका जागी मांडतो. २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंतचा ईपीएस (शेअरमागचा वार्षिक निव्वळ नफा, रुपयांत) अनुक्रमे २०, २३, २१, १७, २२, २९, ३५ आणि ४२. पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) शेअरमागे ३१०. एकूण शेअर्स अडीच कोटी. नफ्यातला साधारण २४ टक्के भाग लाभांश म्हणून जातो. शिवाय शेवटच्या वर्षी ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत जमीन विक्रीचा १४ कोटींचा फायदा आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ती ओळ महत्त्वाची आहे, तिथूनच सुरुवात करू.

जमीन एकदाच विकली जाते. १४ कोटींवर भांडवली नफ्याचा कर वजा केला तर साधारण १२ कोटी उरतात. अडीच कोटी शेअर्सवर वाटले तर शेअरमागे ४ रुपये ८० पैसे. म्हणजे धंद्यातून आलेला ईपीएस ४२ नाही, ३७.२ आहे. कोणत्याही सूत्रात जाण्याआधी नफा-तोटा पत्रकातली ही ओळ आणि ‘इतर उत्पन्न’ ही ओळ तपासायची. इतर उत्पन्नात म्युच्युअल फंडांवरचा फायदा, परकीय चलनाचा फायदा, जुन्या तरतुदी परत घेतल्याची रक्कम असं बरंच काही जमा होतं. करपूर्व नफ्याच्या १५ टक्क्यांहून जास्त भाग तिथून येत असेल, तर मी तो नफ्यातून काढतो, आणि त्यामागे जी रोकड किंवा गुंतवणूक आहे ती शेवटी मूल्यात वेगळी मिळवतो.

ईपीएस घेताना आणखी तीन ठिकाणी घसरायला होतं. उपकंपन्या असतील तर कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह एकत्रित) आकडा घ्यायचा, स्टँडअलोन (फक्त मूळ कंपनीचा) नाही. वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) किंवा कर्मचाऱ्यांना दिलेले स्टॉक ऑप्शन असतील तर डायल्यूटेड ईपीएस, म्हणजे हे होऊ घातलेले शेअर्सही मोजून काढलेला ईपीएस, घ्यायचा. आणि मधे बोनस (फुकट दिलेले जादा शेअर्स) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर्स) झाला असेल तर जुन्या वर्षांचे ईपीएस त्या प्रमाणात कमी केलेत का ते स्वतः पाहायचं. एकास एक बोनसनंतर जुना ईपीएस अर्धा करावा लागतो. तो तसाच राहिला तर वाढणारी कंपनी घसरल्यासारखी दिसते.

आता वाढ. तुम्ही २०२०-२१ च्या १७ पासून २०२४-२५ च्या ४२ पर्यंत चार वर्षांची चक्रवाढ काढलीत, ती २५ टक्के आली. पण २०२०-२१ हे टाळेबंदीचं वर्ष. गाड्यांचे कारखाने काही आठवडे पूर्ण बंद होते. खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली तर सपाट जमीनही डोंगर वाटते. सुरुवातीचं वर्ष सर्वसाधारण असायला हवं, म्हणून २०१७-१८ चे २० घ्या आणि शेवटी जमीन वगळून ३७.२. सात वर्षांची चक्रवाढ येते ९.३ टक्के. २५ वरून थेट ९.३, आणि अजून आपण कोणतंही मत मांडलेलं नाही, फक्त दोन टोकं बदलली.

यातही एक फुगवटा आहे, जो भारतीय कंपन्यांच्या आकड्यांत हटकून सापडतो. २० सप्टेंबर २०१९ ला सरकारने कंपनी कर कमी केला. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी प्रभावी दर सुमारे ३५ टक्क्यांवरून सुमारे २५.२ टक्क्यांवर आला. म्हणजे १०० रुपये करपूर्व नफ्यावर आधी ६५ उरायचे, ते आता पावणेपंचाहत्तर उरतात. एकही नट-बोल्ट जास्त न विकता निव्वळ नफ्यात १५ टक्के भर पडली, आणि ती पुन्हा पडणार नाही. तुमच्या कंपनीने हा पर्याय घेतलाय का ते वार्षिक अहवालात कराच्या टिपेत दिसेल. प्रभावी दर २५ च्या आसपास असेल तर घेतलाय असं समजा. ती भर काढून टाकली तर सात वर्षांची वाढ ७.१ टक्क्यांवर येते. तेव्हा वाढीसाठी माझा पल्ला ७ ते ९ टक्के.

हा पल्ला बरोबर आहे का, हे दुसऱ्या वाटेने तपासता येतं. कंपनी स्वतःच्या पैशावर किती वाढू शकते याचं साधं गणित आहे: भागभांडवलावरचा परतावा गुणिले नफ्यातला राखून ठेवलेला भाग. तुमच्या कंपनीचा परतावा ३७.२ भागिले ३१०, म्हणजे १२ टक्के. राखलेला भाग ७६ टक्के. गुणाकार ९.१ टक्के. दोन वेगळ्या वाटांनी आपण जवळपास त्याच जागी पोचलो, त्यामुळे मला या आकड्यावर भरवसा वाटतो. १२ टक्के परतावा मिळवणारी कंपनी २५ टक्क्यांनी वर्षानुवर्षं वाढायची, तर तिला कर्ज काढावं लागेल, नवे शेअर्स विकावे लागतील किंवा मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) बरंच वाढवावं लागेल. एक-दोन वर्षं हे जमतं. सूत्रातली वाढ मात्र पुढच्या सात ते दहा वर्षांची असते.

आता सूत्राकडे येऊ. बेंजामिन ग्रॅहम यांनी १९६२ च्या सुमारास मांडलेलं मूळ रूप असं: मूल्य = ईपीएस × (८.५ + २ × वाढ). यात ८.५ म्हणजे अजिबात न वाढणाऱ्या कंपनीला द्यायचा पीई (भाव ईपीएसच्या किती पट). पुढे १९७४ मध्ये त्यांनी त्यात व्याजदर आणला आणि सगळ्याला ४.४ भागिले चालू रोखे परतावा याने गुणलं. ४.४ टक्के हा १९६२ च्या काळातला अमेरिकेतल्या सर्वोच्च पतमानांकनाच्या कंपनी रोख्यांचा परतावा. बऱ्याच ठिकाणी हा शेवटचा गुणक गाळलेला असतो. तुमच्या कॅल्क्युलेटरनेही तो गाळलाय. भारतात एएए, म्हणजे सर्वोच्च, मानांकनाच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा परतावा अलीकडे ७ ते साडेसातच्या दरम्यान राहिलाय. मी ७.३ धरतो. ४.४ भागिले ७.३ म्हणजे ०.६. फक्त एवढ्या दुरुस्तीनेच तुमचे २,४५७ हे १,४८१ होतात. इथे बँकेच्या मुदत ठेवीचा दर टाकू नका, सरकारी रोख्याचाही नको. मूळ सूत्र कंपनी रोख्यांवर बेतलेलं आहे.

तुमच्या कंपनीसाठी एकेक दुरुस्ती करत गेलं की काय होतं पाहा. सुरुवात २,४५७. जमिनीचा फायदा काढला की २,१७६. वाढ २५ वरून ९ केली की ९८६. व्याजदराचा गुणक लावला की ५९४. वाढ ७ धरली तर ५०४. सगळ्यात मोठी घसरण वाढीच्या पायरीवर आहे. सूत्रात वाढीचा प्रत्येक टक्का पीई दोन अंकांनी वाढवतो, म्हणून वाढीत पाच टक्क्यांची चूक म्हणजे पीईमध्ये दहाची चूक. ईपीएस पैशापर्यंत अचूक काढून वाढ अंदाजपंचे टाकण्यात काही अर्थ उरत नाही.

एक तांत्रिक गोष्टही सांगून ठेवतो, कारण एक्सेलमध्ये ही चूक सर्रास होते. सूत्रात वाढ २५ अशी टाकायची असते, ०.२५ अशी नाही. रकाना टक्केवारीच्या स्वरूपात ठेवला की एक्सेल २५ टक्क्यांना ०.२५ समजतं आणि २,४५७ च्या जागी ३७८ दाखवतं. शेअर महाग आहे असं वाटून माणूस तो सोडून देतो.

हे सूत्र मी घेतो ते वरची मर्यादा म्हणून. त्याची एक मोठी उणीव आहे. ९ टक्के वाढ कमी भांडवलात मिळाली काय किंवा अख्खा नफा ओतून मिळाली काय, सूत्र दोन्हींना सारखीच किंमत देतं. प्रत्यक्षात मालकाच्या हातात काय पडतं याला किंमत असते. तुमच्या कंपनीकडून मी १२ टक्के परताव्याची अपेक्षा धरतो: दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचे साडेसहा ते सात आणि वर धंद्याच्या जोखमीचे पाच. कंपनी तुमचा रुपया राखून ठेवते आणि त्यावर १२ टक्केच कमावते. मग तो रुपया राखला काय किंवा लाभांश म्हणून दिला काय, तुमच्या दृष्टीने फरक शून्य. वाढ दिसते, मूल्य वाढत नाही.

म्हणून दुसरा आकडा मी नेहमी वाढ शून्य धरून काढतो: नियमित ईपीएस भागिले अपेक्षित परतावा. ३७.२ भागिले ०.१२, म्हणजे ३१०. हे नेमकं पुस्तकी मूल्याइतकं आलं, त्यात योगायोग नाही. भांडवलावरचा परतावा आणि तुमची अपेक्षा सारखीच असेल, तर धंद्याची किंमत त्यात घातलेल्या पैशाइतकीच असते. कंपनी लहान आहे, एकाच गाडी उत्पादकावर अवलंबून आहे म्हणून अपेक्षा १४ टक्के धरलीत, तर ही किंमत २६६ वर येते.

आता तुम्ही म्हणाल, १२ टक्के ही सरासरी झाली, नव्या भांडवलावर कंपनी जास्त कमावत असेल तर? अगदी योग्य शंका आहे, आणि ती तुमच्याच आकड्यांतून तपासता येते. २०१८-१९ ते २०२४-२५ या सात वर्षांच्या ईपीएसची बेरीज करा, जमीन वगळून: १८४.२. त्यातला ७६ टक्के राखला, म्हणजे शेअरमागे साधारण १४० रुपये धंद्यात परत घातले. त्या १४० रुपयांनी ईपीएस २० वरून ३७.२ वर नेला, म्हणजे १७.२ ची भर. १७.२ भागिले १४० म्हणजे १२.३ टक्के. नव्या भांडवलावरचा परतावाही जुन्यासारखाच. त्यातून कर कमी झाल्याची भर काढली तर जुन्या कराच्या हिशोबाने आजचा ईपीएस साधारण ३२.३ होतो, वाढ १२.३ उरते आणि परतावा ९ टक्क्यांच्याही खाली जातो. ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात, आणि मला ती कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त उपयोगी वाटते. १४० रुपये ओतून १७ मिळवणारी कंपनी आणि ४० रुपये ओतून १७ मिळवणारी कंपनी ईपीएसच्या आलेखावर हुबेहूब सारख्या दिसतात. दुसरीने मधल्या काळात १०० रुपये भागधारकांना वाटलेले असतात.

उदार होऊन नव्या भांडवलावर १८ टक्के परतावा धरला, वाढ दहा वर्षं ९ टक्के ठेवली, त्यासाठी अर्धा नफा राखला आणि त्यानंतर वाढीला किंमत दिली नाही, तर १२ टक्क्यांनी वजावट करून (पुढच्या वर्षांच्या रकमा आजच्या किमतीत आणून) मूल्य ३८५ च्या आसपास येतं. तेव्हा आपल्याकडे आता पाच आकडे आहेत: २६६ ते ३१० वाढीला किंमत न देता, ३८५ वाढीला बरी किंमत देऊन, आणि ५०४ ते ५९४ ग्रॅहमच्या सूत्राने, जे वाढीला भरघोस किंमत देतं. एकच ‘खरा’ आकडा शोधण्यापेक्षा हा पल्ला हातात असलेला बरा.

ग्रॅहम नंबरकडे वळू. २२.५ × ईपीएस × पुस्तकी मूल्य, आणि त्याचं वर्गमूळ. २२.५ येतात कुठून? पीई १५ च्या वर नको आणि भाव पुस्तकी मूल्याच्या दीडपटीच्या वर नको, या दोन अटींचा गुणाकार. पहिल्या अटीत ग्रॅहम यांनी एका वर्षाचा नफा धरलेला नाही, मागच्या तीन वर्षांची सरासरी धरली आहे. तुमची तीन वर्षांची सरासरी २९, ३५ आणि ३७.२ मिळून ३३.७. ती टाकली तर ५४१ ऐवजी ४८५ येतात.

पुस्तकी मूल्यही जसंच्या तसं उचलू नका. ताळेबंदात गुडविल (दुसरा धंदा घेताना त्याच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) आणि अदृश्य मालमत्ता असेल तर ती वजा करून पाहा. भारतीय लेखामानकं बदलली तेव्हा कंपन्यांना जमिनी बाजारभावाने पुस्तकात घेण्याची मुभा होती. तुमच्या कंपनीने तसं केलं असेल तर ३१० मधला काही भाग कमावलेला नाही, नुसता लिहिलेला आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरचं उदाहरण बोलकं आहे. एप्रिल २०२० मध्ये ग्लॅक्सोचा हॉर्लिक्सचा व्यवसाय तिच्यात विलीन झाला, बदल्यात नवे शेअर्स दिले आणि ते बाजारभावाने पुस्तकात आले. कंपनीचं नक्त मूल्य (म्हणजे एकूण पुस्तकी मूल्य) साधारण ८,००० कोटींवरून एका वर्षात ४७,००० कोटींच्या पुढे गेलं. ग्रॅहम नंबर त्याबरोबर उडी मारून वर गेला, साबण आणि चहा विकण्याच्या धंद्यात तसं काहीच बदललं नव्हतं. ज्या कंपन्यांना भांडवल कमी लागतं, म्हणजे ब्रँडवाल्या किंवा सॉफ्टवेअरच्या, तिथे हा नंबर मी काढतच नाही. यंत्रं, जमीन, साठा असलेल्या धंद्यात तो ठीक चालतो, आणि तुमची कंपनी त्यातली आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा: बाजार १,१५० का देतोय? हे काढायला सूत्र उलटं चालवायचं. स्वतः ग्रॅहम यांनीही हे सूत्र भावात किती वाढ गृहीत धरली आहे हे पाहायला वापरून दाखवलं होतं, आणि माझ्या मते त्याचा हाच सगळ्यात चांगला उपयोग आहे. १,१५० भागिले ३७.२ म्हणजे पीई ३०.९. त्याला ७.३ भागिले ४.४ ने गुणलं की ५१.३. त्यातून ८.५ वजा, उरतात ४२.८. अर्धे केले की २१.४. म्हणजे आजचा भाव घेणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, सात-दहा वर्षं दरसाल २१ टक्के वाढ धरून चाललाय.

ही टक्केवारी हवेत ठेवू नका, कारखान्यात उतरवा. २१ टक्क्यांनी सात वर्षांत ईपीएस ३७ वरून १४० च्या पुढे जायला हवा. अडीच कोटी शेअर्सवर निव्वळ नफा ३५० कोटी. निव्वळ मार्जिन ८ टक्के धरलं तर विक्री साधारण ४,४०० कोटी लागेल; आज याच मार्जिनने ती ११६० कोटींच्या आसपास असायला हवी. आता प्रश्न सोपे होतात. कंपनीकडे ४,४०० कोटींचा माल बनवायला जागा, यंत्रं आणि पैसे आहेत का? गिऱ्हाईक असलेल्या गाडी कंपन्या स्वतः तेवढ्या वाढणार आहेत का? नसतील, तर कंपनी प्रत्येक गाडीत आपले जास्त भाग बसवणार आहे का? सुटा भाग फक्त पेट्रोल-डिझेल इंजिनात लागणारा असेल, तर उत्तर बहुधा नाही असंच येईल. तोच भाग विजेच्या गाडीतही लागत असेल, किंवा निर्यातीचं मोठं कंत्राट मिळालं असेल, तर मात्र बाजार आपल्यापेक्षा पुढचं पाहत असण्याची शक्यता आहे.

ही शक्यता मी खरोखर गंभीरपणे घेतो. मागच्या आकड्यांवरून काढलेली वाढ नव्या कारखान्याला आंधळी असते. ताळेबंदात ‘चालू भांडवली काम’ अशी ओळ असते, तिथे मोठी रक्कम असेल तर पैसे खर्च झालेत पण विक्री अजून सुरू झालेली नाही. अशा वेळी भांडवलावरचा परतावा तात्पुरता कमी दिसतो. ती रक्कम भांडवलातून वजा करून परतावा पुन्हा काढा. तो १२ वरून १७-१८ वर गेला, तर वरचा ३८५ चा आकडा खालची मर्यादा समजायला हरकत नाही. पण तरीही तिथून १,१५० बरंच लांब आहे.

नफा खरा आहे की कागदावरचा, तेही बघून घ्या. पाच वर्षांच्या कामकाजातून आलेल्या रोकडीची बेरीज करा आणि तिला पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याच्या बेरजेने भागा. रोकडीत घसारा (यंत्रांच्या झिजेचा, रोख न जाणारा खर्च) परत मिळवलेला असल्याने कारखानदारीत हे गुणोत्तर एकाच्या वर असायला हवं. ०.८ च्या खाली असेल तर येणी आणि साठा फुगतोय. मग ईपीएसवर आधारलेलं कोणतंही सूत्र लावण्यात अर्थ नाही. सुट्या भागांच्या धंद्यात मोठे गिऱ्हाईक पैसे उशिरा देतात, त्यामुळे ही अडचण नेहमीची. कर्जाचंही तसंच: या सूत्रांत कर्ज कुठेच दिसत नाही. व्याज आणि करापूर्वीचा नफा व्याजाच्या पाचपटीहून कमी असेल, तर मी अपेक्षित परतावा १२ ऐवजी १४-१५ धरतो.

हे सगळं कुठे लागू करू नये, तेही सांगतो. धातू, साखर, रसायनं अशा चढ-उताराच्या धंद्यात एका वर्षाचा ईपीएस टाकला की सूत्र नेमकं शिखरावर खरेदी करायला सांगतं. टाटा स्टीलचा निव्वळ नफा २०२१-२२ मध्ये ४१,७०० कोटींच्या वर होता, पीई चारच्या आसपास. वाढ शून्य धरली तरी मूळ सूत्र भावाच्या दुप्पट मूल्य दाखवत होतं. पुढच्या वर्षी नफा ८,००० कोटींच्या आसपास आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी कंपनी तोट्यात गेली. अशा ठिकाणी पूर्ण चक्राची, म्हणजे सात ते दहा वर्षांची सरासरी घ्यायची. वाहनांचे सुटे भागही थोडेफार चक्रीय आहेत, तुमच्याच आकड्यांत २०१८-१९ नंतर दोन वर्षं घसरण आहे.

बँकांना ही सूत्रं लावूच नका. तिथे परतावा वजा वाढ, भागिले अपेक्षित परतावा वजा वाढ, असं करून पुस्तकी मूल्याची पट काढतात. परतावा १६, वाढ १०, अपेक्षा १३ असेल तर पट दोन. निव्वळ थकीत कर्जं आधी पुस्तकी मूल्यातून वजा करायची. होल्डिंग कंपन्यांत, उदाहरणार्थ महाराष्ट्र स्कूटर्समध्ये, मूल्य बजाज समूहातल्या शेअर्समधून येतं. तिथे ईपीएस म्हणजे मुख्यतः मिळालेला लाभांश, त्यामुळे गुंतवणुकीचा बाजारभाव काढून त्यावर सवलत लावणं हाच मार्ग.

आता खरेदीचं. पल्ला ३१० ते ५९४, मधला अंदाज ४५०. वाढीचा अंदाज चुकू शकतो, लेखापरीक्षण झालेले आकडेही कधीकधी चुकतात, म्हणून एक तृतीयांश सोडून मी नवी खरेदी ३०० च्या आसपास सुरू करेन. नव्या कारखान्याची गोष्ट आकड्यांनिशी पटली, तर ४०० पर्यंत. १,१५० ला अजून शेअर्स घेण्याचं समर्थन तुम्ही दिलेल्या आकड्यांत मला सापडत नाही.

हातात असलेल्या ४० शेअर्सचा निर्णय थोडा वेगळा आहे आणि तो तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आधी हे लक्षात घ्या की ७२० ही तुमची खरेदी किंमत मूल्याच्या हिशोबात कुठेच येत नाही. ती फक्त करासाठी लागते. एका वर्षापेक्षा जास्त काळ धरले असतील तर वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. तुमचा एकूण नफा ४३० गुणिले ४०, म्हणजे १७,२०० रुपये. यंदा दुसरीकडे मोठा नफा काढलेला नसेल तर कर लागणारच नाही. वर्ष पूर्ण व्हायला थोडेच आठवडे उरले असतील तर थांबण्यात अर्थ आहे, कारण त्याआधी विकलंत तर २० टक्के. हे ४० शेअर्स तुमच्या एकूण गुंतवणुकीच्या दोन टक्के आहेत की तीस टक्के, यावर घाई किती करायची ते ठरेल. तीस टक्के असतील तर मी निदान अर्धे लगेच कमी करेन.

विकण्याआधी ताज्या वार्षिक अहवालातून तीन गोष्टी काढून इथे टाका: चालू भांडवली कामाची रक्कम, पाच वर्षांची कामकाजातली रोकड, आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा विक्रीतला वाटा. शेवटची माहिती ‘विभागवार माहिती’च्या टिपेत असते, दहा टक्क्यांहून जास्त विक्री ज्या गिऱ्हाइकाला होते त्याचा उल्लेख तिथे करावा लागतो. हे तीन आकडे मिळाले की १२ टक्के परतावा तात्पुरता आहे की कायमचा हे सांगता येईल, आणि वरचा पल्ला त्याप्रमाणे सरकवता येईल.